आजी १९३३ साली वारली नाही

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आज शाहूपुरीत गुळाच्या एका जुन्या वखारीच्या दारात मी माझ्या आजोबांना पाहिलं. डोक्याला रुमाल, अंगात लांब कोट, खांद्यावर उपरणं आणि कानाला मोबाईल. आजोबा १९६२ साली गेले. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि चष्मा पुसला.

सिनेमाचं शूटिंग निघालं. तवनाप्पा मगदूम, म्हणजे संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवणारे आणि पदांना चाली लावणारे तवनाप्पा मास्तर, माझ्या वडिलांचे वडील. त्यांच्यावर सिनेमा निघतोय आणि ते त्यांच्या सख्ख्या नातीला मेथीची जुडी आणताना कळतं. पुण्याला भावाला फोन केला. परवानगीच्या कागदावर त्याने गेल्या वर्षीच सही करून दिली होती. "तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं असतंस का, अक्का?" म्हणाला. एवढं एक त्याने बरोबर ओळखलं.

सरळ आत गेले. सत्तरीच्या बाईला कोणी अडवत नाही, हा या वयाचा एकमेव फायदा. आत रंगमंच उभारलाय, त्याच्यासमोर खाली ऑर्गन, आणि आजोबा वाजवतायत. बोटं पळतायत, मान डोलतेय आणि पाय मात्र जेवण झाल्यासारखे निवांत पसरलेले. अरे, ऑर्गन म्हणजे पायपेटी! खाली दोन पेडल असतात, ती आळीपाळीने दाबत राहिलं तर भाता चालतो आणि भाता चालला तर सूर निघतो. हा मनुष्य हवेशिवाय वाजवत होता, आणि पन्नास माणसं गंभीर चेहऱ्याने बघत होती.

कॉन्व्हेंटात चॅपलमधला ऑर्गन मला सिस्टर बर्नाडेटने शिकवला, म्हणून हे अंगात भिनलंय. पहिल्या दिवशी मी स्टुलावर न बसता ऑर्गनच्या डाव्या अंगाला फरशीवर जाऊन बसले होते, आणि वर्ग खदखदून हसला होता. सिस्टर म्हणाली, ती जागा मांजराची आहे, तुझी इकडे वर. का बसले होते कोण जाणे. पोरं काहीही करतात.

उद्या परत जाणार. पेन घेऊन.

बुधवार, ८ जानेवारी

गेले आणि सांगून आले. आदिती म्हणते, "आत्या, तू भांडून आलीस." मी भांडले नाही. मी फक्त उभी राहून बोलले आणि बाकीचे गप्प बसले. आदिती ही माझी भाची, माझ्याकडेच राहते आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बेअरिंगं तपासते.

दिग्दर्शकाचं नाव यशराज, वारणानगरचा, पस्तिशीचा असेल. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्याला विचारलं की १९३० सालच्या खांबावर विजेचं बटण कसं, आजोबांच्या कोटाला प्लास्टिकच्या गुंड्या कशा, आणि मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा कसा, कारण आजोबांनी जन्मात घड्याळ बांधलं नाही. शिवाय प्रत्येक दृश्यात ऑर्गनवर मुंग्या आहेत. वखारीत गूळ होता म्हणून मुंग्या, हे मला कळतं, पण नाटकगृहात त्या कशाला येतील?

"मावशी, लोक गोष्ट बघायला येतात," यशराज म्हणाला, "गुंड्या बघायला नाही."

मी त्याला सांगितलं, मी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले आहेत. म्हैस रेल्वेखाली मेली असं लिहून देणाऱ्याच्या गावात रेल्वेच येत नाही, हे मी शोधून काढलेलं आहे. त्याचीही गोष्ट चांगलीच होती.

आजोबांचं काम करणारा नट जोतीराम, साठीचा, नाटकातला मुरलेला, पेटी स्वतः वाजवतो. पायांचं बोलले तेव्हा तो खजील वगैरे झाला नाही. "पाय हलवायचं असत्यात हे मला कुनी सांगितलंच न्हाय की," म्हणाला. "मी आपला हातपेटीवाला मानूस. मला वाटलं, खाली मोटार आसंल."

शनिवार, ११ जानेवारी

मला नोकरी लागली! सत्तराव्या वर्षी!

काल यशराजचा फोन आला. दोन दृश्यांमधल्या वस्तू जुळतात की नाही हे बघणारी त्यांची मुलगी काम सोडून मुंबईला गेली. मी फुकट ओरडतेच आहे, तर खुर्चीवर बसून ओरडा, असं त्याने जरा सभ्य शब्दांत सांगितलं. छोट्या पडद्यासमोर खुर्ची मिळाली, गळ्यात ओळखपत्र मिळालं. सगळे मला अक्का म्हणतात.

पहिल्याच दिवशी तीन चोऱ्या पकडल्या. रुमालाचा शेव आधी डावीकडे, पाणी पिऊन आल्यावर उजवीकडे. कंदील विझवला आणि भिंतीवर उजेड तसाच. आणि सारंगीवाला एका पदात दोनदा म्हातारा झाला, कारण जेवणाच्या सुट्टीत त्याची मिशी बदलली. जोतीरामला पेडल मारायला शिकवलं. सायकल चालवल्यासारखं करतो. घाम पुसत म्हणाला, "पायानं मोट हाकायची आनि हातानं नांगरायचं, दोन्ही एकदमच की वो अक्का." पण शिकतोय. सिस्टर बर्नाडेट मला म्हणायची तेच त्याला सांगितलं, श्वास पायांनी घ्यायचा, बोलायचं हातांनी.

इतकी झोप लागली नव्हती कित्येक वर्षांत. उद्या सुट्टी आहे याचं वाईट वाटतंय, हे कोणाला सांगायचं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. जोतीरामने हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या अक्का, आनि आजच्या दिवस तरी आमच्याशी गोड बोला." मी म्हटलं, तुम्ही एक दृश्य नीट करा, मी बोलते.

आज दोन मोठे विजय. पहिला, रात्रीच्या जेवणाचा. नाटक संपल्यावर आजोबा कंदिलाच्या उजेडात भाकरी-आमटी खातात असं दृश्य. आम्ही जैन. घरात सूर्य मावळला की चूल विझते, आणि आजोबा तर प्रयोगाच्या दिवशी ऊन असतानाच जेवून घ्यायचे आणि मग पहाटेपर्यंत उपाशी वाजवायचे. यशराजला हे माहीतच नव्हतं. त्याने दृश्य दुपारी घेतलं आणि स्वतःच म्हणाला की हे जास्त चांगलं झालं.

दुसरा विजय लंगडण्याचा. पटकथेत आजोबा डाव्या पायाने किंचित लंगडतात. कुठून आणलं विचारलं, तर कोणीतरी म्हाताऱ्या नटाने सांगितलं होतं म्हणे. पुरावा? नाही. मी स्पष्ट सांगितलं की मगदुमांच्या घरात कोणी लंगडं नव्हतं. आजोबांकडे म्हातारपणी काठी होती, ती सगळ्यांकडेच असते. त्यांचा उजवा जोडा लवकर झिजायचा आणि डावा नव्यासारखा राहायचा, पण त्याचा दोष आजी जोडे शिवणाऱ्याला द्यायची, एक मन लावून करतो आणि एक उरकतो म्हणायची. लंगडणं काढून टाकलं. जोतीराम ताठ चालायला लागला. फार बरं वाटलं.

गुरुवार, १६ जानेवारी

आजोबांची एकच ध्वनिमुद्रिका आहे, १९३४ सालची, नुसत्या ऑर्गनची. तीच सिनेमाचा शेवट आहे. त्या चालीत दर दुसऱ्या आवर्तनाच्या अखेरीला एक मात्रा रिकामी जाते. सूर थांबतो आणि क्षणभर काहीच नाही. 'तवनाप्पांचा विराम' म्हणून जाणकार त्यावर व्याख्यानं देतात. कोणी म्हणतं तो शून्याचा विचार आहे, कोणी म्हणतं गाणाऱ्या नटाला दाद घ्यायला सोडलेली जागा.

ध्वनीचं काम बघणारा राजवीर मला ती तबकडी ऐकवत होता. विरामात दरवेळी बारीक 'किण' असा आवाज येतो. ओरखडा आहे, काढून टाक, म्हटलं. त्याने काढला. आता विराम अगदी स्वच्छ झालाय.

रात्री जेवताना आदितीला सांगितलं तर म्हणाली, तबकडीवर ओरखडा असता तर तो प्रत्येक फेरीला वाजला असता, फक्त विरामातच कसा वाजेल? बेअरिंगं तपासणाऱ्यांनी संगीतात बोलू नये, असं मी तिला सांगितलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

पेन मोडेल इतकं दाबून लिहितेय.

आज मला पूर्ण पटकथा वाचायला मिळाली. त्यांनी माझ्या आजीला मारलं.

१९३३ साली, बाळंतपणात, पावसात. मग आजोबा वर्षभर ऑर्गनला शिवत नाहीत. मग एके दिवशी बसतात, वाजवतात, आणि जिथे ती मान डोलवायची तिथे एक मात्रा रिकामी सोडतात. हा म्हणे विरामाचा जन्म. संगीतकारांच्या सिनेमांचं हे एक ठरलेलंच आहे. कोणी मेल्याशिवाय त्यांना चाल सुचतच नाही.

माझी आजी १९७९ साली वारली! मी पंचवीस वर्षांची होते, नोकरीला लागले होते, तिच्या उशाशी बसले होते. आजोबांच्या पश्चात सतरा वर्षं तिने घर चालवलं आणि एक शब्द जास्त बोलली नाही. माझे धाकटे काका १९३८ चे. ते कोणी जन्माला घातले, ऑर्गनने?

यशराजला हे सगळं पन्नास माणसांसमोर विचारलं. तो ओरडला नाही, हे त्याचं चुकलंच. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो खुर्ची ओढून समोर बसला. म्हणाला, "अक्का, गुंड्या बदलल्या, बटण झाकलं, जेवण दुपारी घेतलं. पण सिनेमाच्या शेवटी माणूस एक मात्रा गप्प बसतो. का बसतो, हे मला प्रेक्षकाला सांगावंच लागणार. तुम्हाला माहितीय का?"

मला माहीत नव्हतं.

"मग खरं कारण आणा. आजींचा मृत्यू एकोणतीस तारखेला घेणार आहे. त्याच्या आधी आणलंत तर आजी जिवंत राहतील. माझा शब्द."

बाहेर आले तर आजीचं काम करणारी वर्षाराणी पायरीवर शेंगदाणे खात बसली होती. चोवीस वर्षांची पोर. "अक्का, मला मरायची लय हौस न्हाय बघा," म्हणाली. "पन मरताना एक पानभर बोलायला हाय. जिवंत ऱ्हायले तर कायच न्हाय." आजीच्या बाबतीत हे अगदी खरं होतं.

शनिवार, १८ जानेवारी

गडमुडशिंगीला आण्णाला फोन केला. आण्णा हा माझ्या मोठ्या आत्याचा मुलगा, वय शहाऐंशी, आजोबांच्याच घरात वाढलेला. आता त्या काळातला तो एकटाच उरलाय. त्याला कमी ऐकू येतं आणि मला धीर कमी, त्यामुळे संभाषण अर्ध्या गावाने ऐकलं असेल.

मी विचारलं, आजोबा वाजवताना मध्येच थांबायचे ते का? तो म्हणाला, "आजी खाली बसायची न्हवं का, तिथं..." मी म्हटलं, आण्णा, आजीचं नंतर, मी संगीतातलं विचारतेय. शून्याचा विचार वगैरे ते काही बोलायचे का? तो म्हणाला, शून्य? व्हय, कंपनी बंद पडली तवा शून्यच होतं. मग परत आजीवर आला, तिचा हात किती कडक होता ते सांगायला लागला. आजीचा हात मलाही ठाऊक आहे, तळव्याला गोट्याएवढा घट्टा होता, जात्याचा. आजी पाठीवरून हात फिरवायची तेव्हा टोचायचा. शेवटी मीच फोन ठेवला. म्हातारी माणसं विषय धरून बोलत नाहीत.

मंगळवार, २१ जानेवारी

काही हाती लागत नाही. एका जाणकारांना भेटले, त्यांनी दीड तास विरामावर भाषण केलं आणि स्वतः एकदाही थांबले नाहीत. दुसरे म्हणाले, तो दक्षिणेचा परिणाम. तिसरे म्हणाले, हे प्रश्न विचारायचे नसतात. विम्यात असं म्हणणाऱ्याचा दावा मी सगळ्यात आधी फेटाळायचे.

सेटवर वर्षाराणीच्या अंगाला मरणाचं लुगडं लावून पाहत होते. हिरवं. सवाष्ण जाते म्हणून हिरव्या बांगड्या भरभरून. तिला ते शोभत होतं, त्याचाच मला जास्त राग आला. आजीच्या हातात बांगड्या मी पाहिल्या त्या फक्त आठ वर्षांची होईपर्यंत.

शनिवार, २५ जानेवारी

आधी चहा घेतला, मग लिहायला बसले.

आज शेवटच्या वादनाची तालीम होती. कॅमेरा कुठून कुठे जायचा एवढंच बघायचं होतं. यशराजला ऑर्गनचा आवाज खराच हवाय, म्हणून जोतीराम खरंच वाजवतो. सुरू करायला गेला आणि डाव्या पेडलची फळी मधोमध चिरली. पाय टेकला की सटकायचा. दुरुस्त करणारा सोमवारी येणार. यशराज डोकं धरून बसला. मी वाकून बघितलं, तर फळीची कड शाबूत होती. पायाने नाही, पण हाताने दाबली तर चालत होती. म्हटलं, तुम्ही उजवा पाय मारा, डावं मी खाली बसून दाबते, कॅमेऱ्याला ती बाजू दिसत नाही. उशी घेतली आणि बसले.

वाटलं त्याहून ते पेडल जड निघालं. जोतीराम चाल सरळ वाजवत होता, विराम न घेता, तालीमच होती म्हणून. माझा उजवा हात भरून आला, मी डावा लावला. तेवढ्यात वर सूर मरगळला.

"अक्का, दम गेला पेटीचा."

पुन्हा सुरुवात. पुन्हा हात भरून आला तेव्हाच बदलला, आणि सूर पुन्हा तिथेच बसला. तिसऱ्यांदा जोतीराम म्हणाला, "आसं करू. तुमी हात बदलताना मी बोटंच उचलतो. एक मात्रा गप बसतो, तुमचं झालं की पुढं."

आणि तो एक मात्रा गप्प बसला. मी हात बदलला. तो पुढे निघाला. दोन आवर्तनं झाली, पुन्हा बोटं उचलली, पुन्हा मी हात बदलला.

मग तो वाजवायचाच थांबला. वाकून ऑर्गनखाली माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. सगळ्या महाराष्ट्राने ज्यावर भाषणं केली तो विराम आमच्या दोघांच्या मधे पडला होता.

"अक्का," तो हळूच म्हणाला, "मास्तरांच्या पेटीखाली कोन बसायचं वो?"

मी बसले होते ती जागा ऑर्गनच्या डाव्या अंगाची होती. मांजराची.

रविवार, २६ जानेवारी

सकाळीच गडमुडशिंगीला गेले. शाळेत झेंडावंदन, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी, आणि आण्णा सोप्यात उन्हाला बसलेला. या खेपेला मी त्याला बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा, असं तो म्हणाला.

आजोबा लहान असताना गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस त्यांच्या डाव्या पायावर सांडला. घोटा कायमचा आखडला. चालायचे, पण पेडल मारता येत नव्हतं. घरात हे बोलायची बंदी होती. चार मुली उजवायच्या होत्या, लंगड्याची लेक कोण करून घेणार? बाहेरच्या माणसासमोर आजोबा बसूनच राहायचे. आणि दोन पिढ्यांनी राखलेलं हे खोटं मी, दावे तपासणारी बाई, सेटवर छाती पुढे काढून सांगून आले. पुरावा मागून आले.

"आणि डावं पेडल?" मी विचारलं.

"ते आजी. हातानं. कंपनीत पेटीला पडदा लावून त्याच्या आड, तबकडीच्या वेळी म्हनं खाली सतरंजीवर, घरात तर रोजच." आण्णा मग जरा ओशाळून हसला. "आमाला काय म्हाईत गं. आमाला वाटायचं, सगळ्यांच्याच पेटीला खाली एक बाई लागती."

एसटीत खिडकीशी बसून मी आजीच्या हाताचा घट्टा आठवत राहिले. आमच्या जात्याचा खुंटा गुळगुळीत होता. आणि दळायला तर बायका यायच्या.

सोमवार, २७ जानेवारी

यशराजला सांगितलं. वाटलं होतं तो उडी मारेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लंगडणं पटकथेत होतं, अक्का."

होतं.

"तुम्ही काढायला लावलंत. आता ते परत घ्यायचं म्हणजे चालण्याची सगळी दृश्यं पुन्हा. आणि मृत्यूचा प्रसंग वाचून माझ्या निर्मात्याची बायको रडली. त्याच्या जागी मी काय ठेवू? एका बाईचा हात दुखला, हे? आणि तेही कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दावर?" मग म्हणाला, "तुम्हीच म्हणता ना, पुरावा."

जोतीराम मधे पडला. "मी पुन्ना लंगडतो की. पैसं नगंत." यशराज म्हणाला, प्रश्न पैशांचा नाही, दिवसांचा आहे. दुसऱ्याच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकलं की ते किती टोचतं ते कळतं.

परवा आजी मरणार.

बुधवार, २९ जानेवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उत्साहात काहीतरी सुटेल.

गेले तेव्हा वखारीच्या अंगणात तिरडी बांधून तयार होती. नायलॉनच्या दोरीने, १९३३ साली. मी ते सांगायलाही गेले नाही, एवढी खचले होते. वर्षाराणी हिरव्या लुगड्यात तिरडीवर आडवी, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही असं तिला बजावलेलं. ऑर्गन मागे ओसरीत ठेवलेला, आजोबा त्याच्याकडे बघून रडणार म्हणून. कॅमेरा लागायला वेळ होता.

जोतीराम रडायच्या कोटात येऊन माझ्याजवळ उभा राहिला. मग एकदम वळून तिरडीकडे गेला. "ए पोरी, ऊठ. मरायच्या आदी एकदा पेटी दाब. अक्का, दावा हिला कसं ते. माज्या मनाची तरी खात्री होऊ द्या." यशराज मोबाईलवर होता, त्याने हात हलवला, करा काय ते. वर्षाराणी टुणकन उठली. तिला कंटाळाच आला होता.

तिला ऑर्गनच्या डाव्या अंगाला बसवलं. पेडल सोमवारीच दुरुस्त झालं होतं, पण जोतीरामने डावा पाय मागे घेतला. तळवा कुठे टेकवायचा ते मी दाखवलं. बोटांनी नाही, तळव्याच्या गादीने, जिथे आजीला घट्टा होता. राजवीर कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून मायक्रोफोन तपासत बसला होता.

चाल सुरू झाली. एक आवर्तन, दुसरं. वर्षाराणीचा चेहरा आखडला. जोतीरामने बोटं उचलली. तिने हात बदलला, आणि त्या शांततेत तिच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या.

किण.

राजवीरने हेडफोन काढले. ऑर्गनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा आवाज..." म्हणाला, "अक्का, हा आवाज मी काढून टाकलाय."

कोणीतरी यशराजच्या हातातून फोन घेतला. राजवीरने मूळ तबकडीचा आवाज मोठ्या स्पीकरवर लावला, न पुसलेला. अंगणभर आजोबा वाजू लागले. दुसरं आवर्तन संपलं, सूर थांबला. किण. पुढची दोन आवर्तनं, सूर थांबला. किण. ओरखडा नव्हता. आदितीने सांगितलंच होतं. फेरीफेरीला नाही, फक्त विरामात, दरवेळी, शेवटपर्यंत. एकदा 'किण' लागोपाठ दोनदा वाजलं. तेव्हा ती दमली असणार.

माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधीची माझी आजी, तिशीतली, सतरंजीवर बसून हात बदलत होती. तबकडीवर तिचं नाव नाही. आवाज आहे. तो मी ओरखडा म्हणून पुसायला सांगितला होता. एकतीस वर्षं दावे तपासून!

यशराज स्पीकरशेजारी उकिडवा बसला. रिकामी मात्रा तिच्यासाठी होती, हे त्याने बरोबरच लिहिलं होतं. पण ती मेली म्हणून नव्हे, ती तिथे होती म्हणून. मी हे त्याला म्हणणार होते, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि लक्षात आलं की त्याचं त्याला कळलंय. मी गप्प बसले. एक मात्रा.

मग तो उठला. जोतीरामला म्हणाला, सोमवारपासून डावा पाय ओढायचा. राजवीरला म्हणाला, तो आवाज जागेवर ठेव. वर्षाराणीने विचारलं की मग तिचं पानभर भाषण गेलं का. गेलं, तो म्हणाला, पण शेवटचं दृश्य तिचं. ती हातावर फुंकर घालत म्हणाली, "मग हात दुखायचं काम आदी शिकवा नीट. ह्यो तर खरंच दुखतोय."

"अक्का," यशराजने मला विचारलं, "आजी नक्की कधी वारल्या?"

"१९७९. जूनमध्ये. आणि त्याआधी कोणी तिला हात लावायचा नाही."

संध्याकाळी आदितीला सगळं सांगितलं. ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हणाली नाही, नुसती मान खाली घालून हसत जेवत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

एक सुटलंच. वखारीतून निघताना अंगणात पोरं तिरडी सोडत होती. दोरी नायलॉनची होती. आता ते सांगायची काहीच गरज उरली नव्हती. तरी सांगितलं.